आकाशात उडणारी बाई पडद्यावर यायला इतका उशीर का लागला?

मांजराकाठ (केज, जि. बीड)

ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी चालणाऱ्या एका हंगामी वसतिगृहात मी काम करते. दसरा झाला की आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच-सहा महिने, या मुली आमच्याकडे असतात. मागच्या हंगामात एका रविवारी दुपारी दूरचित्रवाणीवर ‘वंडर वुमन’ हा चित्रपट हिंदीत लागला होता. त्याच्या आरंभी केवळ स्त्रियांची वस्ती असलेले एक बेट आहे. तिथे लहानगी डायना मोठ्या बायकांचा युद्धसराव चोरून पाहते आणि आईचा विरोध असतानाही तिची मावशी तिला शस्त्र धरायला शिकवते. एरवी मारामारी सुरू झाली की आपापसांत बोलू लागणाऱ्या आमच्या मुली तेवढा वेळ जागच्या हलल्या नाहीत. चित्रपट संपल्यावर सातवीतील एकीने विचारले, “मॅडम, असला पिक्चर याच्या आधी कुणी काढलाच नव्हता का?” मी तिला वेळ मारून नेणारे उत्तर दिले, पण प्रश्न मनातून गेला नाही. पुढचे काही आठवडे मी त्याच्या मागे लागले आणि जे हाती आले ते येथे मांडते आहे.

वंडर वुमन ही व्यक्तिरेखा अमेरिकी कॉमिक्समध्ये १९४१ च्या अखेरीस आली. तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता. रक्तदाबावरून माणसाचे खोटे ओळखण्याच्या तंत्रावर त्याने काम केले होते आणि कारभार स्त्रियांच्या हाती गेला तर जग अधिक चांगले चालेल, असे तो उघडपणे मांडत असे. इतक्या स्पष्ट हेतूने घडवलेल्या या नायिकेला पुढच्याच वर्षी सुपरहिरोंच्या मंडळात जागा मिळाली, ती मात्र चिटणीस म्हणून. पुरुष मंडळी मोहिमेवर जात आणि त्यांच्याइतकीच बलवान असलेली ही बाई मागे राहून इतिवृत्त लिहीत असे. निवडून आलेल्या सरपंच बाईंच्या जागी त्यांचे यजमान बैठक चालवतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. पुढे १९६८ मध्ये तिची शक्तीच काढून घेण्यात आली आणि तिला कपड्यांचे दुकान चालवायला बसवण्यात आले. १९७२ मध्ये ग्लोरिया स्टायनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या स्त्रीवादी मासिकाच्या पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर जुन्या, शक्तिमान वंडर वुमनचे चित्र छापले आणि त्यानंतरच्या वर्षी कॉमिक्समध्ये तिला तिची शक्ती परत मिळाली.

पडद्यावरचा प्रवास याहून खडतर आहे. १९६७ मध्ये तिच्यावर काही मिनिटांची एक चाचणीफीत तयार झाली, तीही तिची थट्टा करणारी. १९७५ ते १९७९ या काळात लिंडा कार्टर यांची दूरचित्रवाणी मालिका चालली आणि लोकांना ती मनापासून आवडली. तिच्या बरोबरीचा सुपरमॅन १९७८ मध्ये आणि बॅटमॅन १९८९ मध्ये भव्य चित्रपटांतून लोकांसमोर आला, तिचा स्वतःचा चित्रपट मात्र २०१७ मध्ये, म्हणजे सुपरमॅननंतर ३९ वर्षांनी आला. मधल्या काळात पटकथा लिहिल्या गेल्या आणि बाजूला पडल्या. लेखक-दिग्दर्शक जॉस व्हेडन यांनी काही काळ काम करून २००७ मध्ये ते सोडले. २०११ मध्ये नव्या मालिकेचा पहिला भाग तयार झाला, पण वाहिनीने तो घेतला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये मिशेल मॅकलॅरन यांची दिग्दर्शिका म्हणून निवड झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये त्या बाहेर पडल्या. अखेर पॅटी जेन्किन्स यांनी हा चित्रपट केला. त्यांच्या २००३ मधील पहिल्या चित्रपटासाठी शार्लिझ थेरॉन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला होता, तरीही त्यांचा दुसरा चित्रपट येण्यासाठी १४ वर्षे जावी लागली.

या सगळ्याच्या मुळाशी कोणता विचार होता, ते एका ईमेलमुळे उघड झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये सुपरहिरोंची कॉमिक्स आणि चित्रपट काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी आयझॅक पर्लमटर यांनी सोनीच्या मायकेल लिंटन यांना एक लहानसा ईमेल पाठवला होता आणि सोनीच्या संगणकांतून चोरीला गेलेल्या कागदपत्रांबरोबर तो पुढच्या वर्षी सर्वांसमोर आला. त्यात ‘इलेक्ट्रा’, ‘कॅटवुमन’ आणि ‘सुपरगर्ल’ ही तीन नावे होती आणि हे चित्रपट कसे आपटले, एवढेच लिहिले होते. नायिकेला घेऊन सुपरहिरोपट काढू नये, याला पुरावा म्हणून इतके त्यांना पुरेसे वाटले.

हे तीन चित्रपट चांगले नव्हते, हे मी मान्य करते. २००४ च्या ‘कॅटवुमन’वर सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले आणि जगभरातून ८ कोटी २० लाखांच्या आसपास परत आले. पण त्याची कथा एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीभोवती फिरत होती. नायिकेने जगाला वाचवायचे ते तोंडाला लावायच्या मलमापासून, हे तिने ठरवले नव्हते. १९९७ मध्ये ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ असाच कोसळला, तेव्हा दिग्दर्शन चुकले, संवाद चुकले, पोशाख चुकला असे सांगितले गेले आणि २००५ मध्ये बॅटमॅन नव्या माणसांसह परत आला. हल्कसाठी २००३, २००८ आणि २०१२ असे तीन वेळा तीन वेगवेगळे अभिनेते घेण्यात आले. पुरुषाचा चित्रपट पडला तर तो चित्रपट पडतो. बाईचा चित्रपट पडला की बाईच पडते आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या जणींचा रस्ता बंद होतो. ‘इलेक्ट्रा’नंतर अमेरिकी कॉमिक्समधील सुपरनायिकेला एकटीच्या नावावर मोठा चित्रपट मिळायला १२ वर्षे लागली. मला सर्वांत जास्त खटकते ते हे. पडून पुन्हा उभे राहण्याची मुभा आमच्या मुलींनाही मिळत नाही. एकदा नापास झालेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसतो आणि एकदा नापास झालेल्या मुलीसाठी स्थळ पाहायला सुरुवात होते.

आता आपल्याकडचे. आपण देवीच्या मुलखात राहतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी तुळजापूर आणि माहूर ही दोन पूर्ण पीठे मराठवाड्यात आहेत आणि वेरूळच्या १४ व २१ क्रमांकांच्या लेण्यांत सप्तमातृका ओळीने बसलेल्या आहेत. तरीही आपल्या पडद्यावर देवी शस्त्र देते आणि ते घेणारा हात बहुतेक वेळा पुरुषाचा असतो. बाईच्या अंगी बळ येते ते अंगात आल्यावर. वारे ओसरले की ती पुन्हा कोपऱ्यात बसते. शक्ती तिची स्वतःची आहे, ती तिने शिकून मिळवली आहे, वापरताना तिची चूकही होऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ती तिच्यापाशीच असते, अशी मराठी नायिका मला आठवत नाही. याची कारणे काय असावीत, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

जुना प्रोजेक्टर (जालना)

मॅडम, तुमच्या प्रश्नाची एक बाजू तिकीटखिडकीच्या आतली आहे आणि ती मी जवळून पाहिली आहे. आधी ऑपरेटर म्हणून केबिनमध्ये आणि नंतर पिक्चर ठरवण्याच्या कामावर अशी माझी तीस वर्षे एका थिएटरात गेली.

आपला मराठवाडा महाराष्ट्रात आला, तरी चित्रपटाच्या धंद्याच्या नकाशात तो निझाम सर्किटमध्येच, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानाच्या वितरण-विभागातच राहिला. हिंदी चित्रपटाचे निझामचे हक्क जो वितरक घेई, त्याच्याकडून जालना, परभणी, नांदेडकडे रिळांच्या पेट्या येत. पैसा आधी द्यावा लागे आणि तो चित्रपट तयार होण्यापूर्वी द्यावा लागे, म्हणून व्यवहार व्हायचा तो नावावर. अमक्या नायकाचा पिक्चर म्हटले की भाव तोंडपाठ असे. नायिकेच्या नावाचा वेगळा भावच ठरलेला नव्हता. आणि ज्या वस्तूचा भाव बाजारात नाही, ती कितीही चांगली असली तरी तिच्यावर कुणी उचल देत नाही. यात कुणाच्या मनात बायकांविषयी आकस होता असे मी म्हणणार नाही, पण परिणाम तोच झाला. बायका प्रेक्षक म्हणून मोजल्या जात त्या घरातल्या कर्त्याबरोबर येणाऱ्या माणसांमध्ये. त्यांच्यासाठी वेगळी खिडकी होती, बसायला वेगळी बाजू होती, पण त्यांची पसंती कोणती, हे त्या खिडकीवर कधी कुणी विचारले नाही.

१९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ लागला, तेव्हा हा हिशेब चुकीचा असल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले. खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका दुपारच्या खेळाला येत होत्या आणि कित्येक जणी आयुष्यात पहिल्यांदा थिएटरची पायरी चढत होत्या. त्यावरून धंद्याने काय शिकावे? बायका स्वतःच्या मनाने तिकीट काढतात, हे शिकायला हवे होते. आम्ही शिकलो ते एवढेच की बायकांना रडायला आवडते. पुढची कित्येक वर्षे सासुरवासाचे चित्रपट येत राहिले. त्या बायकांपुढे दुसरे काही ठेवून पाहिलेच गेले नाही. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला सहा मध्यमवयीन बहिणींच्या गोष्टीसाठी बायका घोळक्याने नऊवारी नेसून गेल्या, तेव्हा सगळे चकित झाले, मला १९९१ चा तो दुपारचा खेळ आठवला.

आणखी एक. अशी बाई आपल्या पडद्यावर आधी आलीच नव्हती, असे मात्र नाही. १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ आला होता. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी अ‍ॅन इव्हान्स, ज्यांना लोक नाडिया म्हणून ओळखत, त्यात तोंडावर मुखवटा आणि हातात चाबूक घेऊन गरिबांच्या बाजूने लढणारी राजकन्या झाल्या होत्या. तेव्हाही वितरक पुढे येईनात, म्हणून वाडिया बंधूंना एका स्नेह्याची मदत घेऊन चित्रपट स्वतःच बाहेर काढावा लागला आणि तो प्रचंड चालला. सुपरमॅन कॉमिक्समध्ये आला तो १९३८ मध्ये. म्हणजे आपण त्याच्याही तीन वर्षे पुढे होतो. नाडियांनी नंतर बरीच वर्षे असे चित्रपट केले, पण त्यांच्यानंतर ती जागा रिकामी राहिली.

गोदातीर (नांदेड)

मांजराकाठ ताई, लेखन फार आवडले, पण एका बाबतीत मतभेद नोंदवतो. नायिकेचा प्रत्येक पडलेला चित्रपट पूर्वग्रहामुळे पडला, असे मानणे तिच्यावरही अन्याय करणारे आहे. २०१७ चा ‘वंडर वुमन’ जगभरात ८२ कोटी डॉलरच्या आसपास कमावून गेला. मार्च २०१९ मध्ये महिलादिनी आलेल्या ‘कॅप्टन मार्व्हल’ने ११३ कोटी डॉलरच्या आसपास मजल मारली. तो मार्व्हलच्या एकमेकांशी जोडलेल्या चित्रपटांच्या मालिकेतला २१ वा चित्रपट आणि एकट्या स्त्रीच्या नावावरचा पहिला. मात्र त्याच्या यशात पुढच्याच महिन्यात येणाऱ्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ची उत्सुकताही होती, हे मान्य करायला हवे. २०२३ मध्ये त्याचाच पुढचा भाग ‘द मार्व्हल्स’ २० कोटी डॉलरच्या थोडा पुढे जाऊन थांबला आणि त्या मालिकेतील सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला. त्यात पाकिस्तानी-अमेरिकी घरातली कमला खान होती, तीन नायिका होत्या, दिग्दर्शिकाही स्त्री होती. मी तो पहिल्या दिवशी पाहिला आणि घाईघाईने जोडलेला वाटला. आधीच्या दोन-तीन मालिका पाहिल्याशिवाय कथा नीट कळत नव्हती. प्रेक्षक थकले होते आणि त्याच सुमारास पुरुष नायकांचेही काही चित्रपट पडले.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मात्र मी जोडतो, कारण तो फारसा चर्चेत येत नाही. या चित्रपटांचा मोठा पैसा खेळण्यांमध्ये असतो. २०१५ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये ब्लॅक विडो ही नायिका विमानातून मोटारसायकलवर झेप घेते, त्या प्रसंगाचे खेळणे बाजारात आले, तेव्हा मोटारसायकलवर कॅप्टन अमेरिकाला बसवलेले होते. ‘आयर्न मॅन ३’चा खलनायक मुळात स्त्री असणार होता, पण स्त्री-पात्राची खेळणी विकली जात नाहीत या कारणाने तो पुरुष करावा लागला, असे त्याचे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी पुढे स्वतः सांगितले. ब्लॅक विडो २०१० मध्ये पहिल्यांदा दिसली आणि तिचा स्वतःचा चित्रपट २०२१ मध्ये आला, तोवर कथेत तिचा मृत्यूही होऊन गेला होता.

मांजराकाठ

गोदातीर दादा, ‘द मार्व्हल्स’ कमकुवत होता हे तुम्ही म्हणता ते मी मानते. माझे म्हणणे त्यानंतर काय होते याविषयी आहे. चित्रपट कमकुवत असण्याचा अधिकार तिलाही असावा आणि त्यानंतर पुढच्या चित्रपटाची चर्चा थांबू नये. २०२२ मध्ये ‘बॅटगर्ल’ जवळजवळ पूर्ण झालेला असताना, त्यावर ९ कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालेला असताना, स्टुडिओने तो प्रदर्शितच न करण्याचा निर्णय घेतला. कारण हिशेबाचे आणि करांचे असेल, मला त्यात पडायचे नाही. पण चांगला की वाईट, हे ठरवण्याची संधी एकाही प्रेक्षकाला मिळाली नाही, याचे मला वाईट वाटते.

काका, थिएटरातल्या वेगळ्या खिडकीची गोष्ट मी मुलींना सांगितली. त्यांच्यापैकी एकीच्या आजीने ‘माहेरची साडी’ ट्रॉलीतून जाऊनच पाहिला होता, हे तिने आठवड्याच्या फोनवर विचारून मला सांगितले.

जोगाई (अंबाजोगाई)

चर्चा वाचते आहे. मला मूळ मांडणीतच थोडे परकेपण जाणवते. डोक्यावर मुकुट आणि हातात दोर घेतलेली परदेशी बाई आपल्या लेकरांसमोर आदर्श म्हणून का ठेवायची? संयुक्त राष्ट्रांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये वंडर वुमनला मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत नेमले, तेव्हा तिथल्या कर्मचारी स्त्रियांनीच तिच्या तोकड्या पोशाखाला आणि एकाच साच्यातल्या देहाला हरकत घेतली आणि दोनेक महिन्यांत ती नेमणूक संपली. आमच्या गावची योगेश्वरी पाहा. परळीच्या वैद्यनाथाशी तिचे लग्न ठरले होते, वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला, वऱ्हाडाची शिळा झाली आणि ती इथेच राहिली, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. लग्न न होताही जिचे स्थान कुणी हिरावले नाही, जिच्या दारी सगळा मुलूख नवरात्रात येतो, अशी बाई आपल्याकडे असताना बाहेर कशाला पाहायचे? देवीवरच चांगला, आजच्या तंत्राने केलेला चित्रपट का काढू नये?

गोदातीर

जोगाई ताई, तुमच्या सूचनेला जवळ जाणारी गोष्ट मल्याळम चित्रपटसृष्टीने करून दाखवली आहे, मात्र त्यांनी देवी निवडली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘लोका : चॅप्टर १ – चंद्रा’ची नायिका केरळच्या लोककथेतील कळ्ळियंकाट्ट नीली या यक्षीवरून घेतली आहे. पुरुषांना भुलवून त्यांचे रक्त पिणारी म्हणून जिच्या भयकथा सांगितल्या जात, तिलाच त्यांनी दुर्बळांचे रक्षण करणारी केले आणि तिच्याविषयीची भीती कुणी व का पसरवली, हेही दाखवले. कल्याणी प्रियदर्शन यांनी ती भूमिका केली, दिग्दर्शन डॉमिनिक अरुण यांचे आहे. ३० कोटी रुपयांच्या आसपास खर्च आणि जगभरातून ३०० कोटी रुपयांच्या आसपास उत्पन्न, असा त्याचा हिशेब आहे.

आपला ‘जखीण’ हा शब्द त्याच यक्षिणीपासून आला आहे. विहिरीवर एकट्याने जाऊ नये म्हणून आम्हाला साती आसरांची भीती घातली जाई. माझी आजी मात्र दरवर्षी त्याच आसरांना विहिरीच्या काठावर हळदीकुंकू वाहून यायची आणि घरी आल्यावर त्यांच्याविषयी अगदी शेजारणीविषयी बोलावे तसे बोलायची. देवीवर चित्रपट काढायचा तर तिला चुकू देता येणार नाही, घाबरू देता येणार नाही, कारण तसे दाखवले तर लोक दुखावतील. आसरेच्या बाबतीत ती अडचण कमी आहे. नायिका होण्यासाठी तिच्यात माणूसपणाला जागा आहे.

जोगाई

हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. देवीला चुकू देता येणार नाही, हे खरे. योगेश्वरीच्या कथेतही तिला त्या पहाटे काय वाटले असेल, हे आम्ही कधी कुणी विचारत नाही.

रेंडर (मूळ गाव वसमत, सध्या पुणे)

मी व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर चित्रपटातील दृश्ये रचण्याच्या कामात आहे, म्हणून थोडे कामाच्या बाजूने लिहितो. मराठीत २०१५ मध्ये ‘बाजी’ हा सुपरहिरोपट येऊन गेला, म्हणजे प्रयत्न झालाच नाही असे नाही, पण तोही नायकाचा. पैसा ही अडचण खरी आहे. मोठ्या खर्चात काम करणाऱ्यांनाही उडण्याचा एक प्रसंग विश्वसनीय करायला कित्येक आठवडे लागतात. वायर लावून माणसाला उचलायचे, मग प्रत्येक फ्रेममधून ती वायर पुसायची, मागचे आकाश बसवायचे. त्यात संगणकावर सर्वांत वेळखाऊ दोन गोष्टी म्हणजे मोकळे केस आणि उडते कापड. नायिका म्हटली की दिग्दर्शकाला दोन्ही हवे असते, मोकळे केस आणि लहरणारा पदर. मी अनेकदा सुचवले आहे की वेणी घाला, काष्टा घाला. काष्ट्याच्या नऊवारीत पाय मोकळे राहतात आणि कापड अंगाशी राहते. लढण्यासाठी तो वेश आपल्याकडे पूर्वीपासून तयार आहे. बाईला लढायचे असेल तर ती आधी केस बांधेल, इतका साधा विचार कथेच्या पातळीवर झाला तर आमचे निम्मे काम हलके होईल.

दुसरी बाजू स्टंट करणाऱ्यांची आहे. हिंदीत फार वर्षे नायिकेच्या जागी पुरुषाला केसांचा टोप आणि साडी घालून उडी मारायला लावत. रेश्मा पठाण यांनी ‘शोले’मध्ये हेमा मालिनी यांच्या जागी टांग्याची जीवघेणी दृश्ये केली, तो काळ १९७५ चा. नायकाच्या शर्टाखाली, पँटखाली जाड पॅड बांधता येतात. नायिकेचा पोशाख तंग किंवा उघडा ठेवला की तिच्या जागी पडणाऱ्या बाईला तेवढे संरक्षणही मिळत नाही. तीच उडी ती कमी आधारावर मारते. पोशाखाची चर्चा आपण शोभेच्या अंगाने करतो, पण सेटवर तो हाडे मोडण्याचा प्रश्न असतो. सुपरनायिकांचे चित्रपट वाढले तर आधी या बायकांना काम आणि सरावाची जागा मिळेल, म्हणून मला ते वाढायला हवे आहेत.

जुना प्रोजेक्टर

यक्षी, आसरा, देवी हे सगळे वाचले. माझ्या मनात एक हाडामांसाचे माणूस येते आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या, बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध त्यांनी हाती शस्त्र घेतले. १७ सप्टेंबरला ध्वजवंदनाच्या भाषणांत त्यांचे नाव घेतले जाते आणि मग वर्षभर घेतले जात नाही. रझाकारांच्या राज्यात शस्त्र बाळगणाऱ्या त्या बाईला उडता येत नव्हते, पण अशा बाईवर चित्रपट काढायला कुणाला खेळण्यांच्या विक्रीचा विचार करावा लागणार नाही. सुपरहिरो म्हणजे सामान्य माणसाला जे जमत नाही ते करणारा, एवढीच व्याख्या असेल, तर १९४८ च्या आधीच्या आमच्या मुलखात ते त्यांनी केले. मॅडम, तुमच्या मुलींना त्यांचे नाव माहीत आहे का?

मांजराकाठ

काका, माहीत नव्हते. काल रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी मी सांगितले. दगडाबाईंचे नाव ऐकून आधी दोघी-तिघी हसल्या, कारण ‘दगडी’ म्हणून आमच्याकडे एका मुलीला चिडवतात. त्या मुलीने मात्र धोपटेश्वर केजपासून किती लांब आहे आणि एस. टी. तिथवर जाते का, हे मला दोनदा विचारले. दिवाळीच्या सुटीत ज्या मुली गावी जाणार नाहीत, त्यांना घेऊन जायचा विचार आहे. आपण जालन्याहून सोबत आलात तर बरे होईल.

रेंडर दादांचे वेणी आणि काष्ट्याचे म्हणणे वाचून दाखवल्यावर मोठ्या मुलींनी स्वतःची एक नायिका तयार करायला घेतली आहे. वही माझ्याकडे आहे, त्यात जे लिहिले आहे तेच येथे उतरवते. तिचे केस बांधलेले आहेत. तिला उडता येत नाही, कारण उडाली तर ती एकटीच निघून जाईल, असे एकीचे म्हणणे पडले. तिची शक्ती अशी की उचल घेऊन भरलेला ट्रक गावाच्या वेशीवर तिने हात लावला की पुढे सरकत नाही. ही शक्ती तिला देवीने दिली की ती मोळ्या उचलता उचलता आली, यावर दोन दिवस वाद चालला आणि शेवटी मोळ्यांच्या बाजूने जास्त हात वर झाले. आता मुखवट्यावर अडले आहे. निम्म्या मुलींना तिला मुखवटा हवा आहे, कारण मुकादमाने ओळखले तर तो तिच्या वडिलांना पुढच्या वर्षी उचल देणार नाही. ‘दगडी’ म्हणून चिडवली जाणारी ती मुलगी मात्र मुखवट्याला तयार नाही. ती कुणाची लेक आहे, हे सगळ्या गावाला दिसले पाहिजे, असे तिने पेन्सिलीने वहीच्या समासात लिहून ठेवले आहे.